गावच्या आरओ प्लांटचा डिस्चार्ज पुन्हा पुन्हा कमी होतो? मेम्ब्रेन बदलण्याआधी हे तपासा

तेल्हारा, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, संग्रामपूर या खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये ग्रामपंचायतींचे आणि बचत गटांचे आरओ प्लांट दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. फोनवर तक्रार बहुतेक एकच असते: "भाऊ, पाणी कमी येऊन रायलं. मेम्ब्रेन गेली वाटते." मग नवी मेम्ब्रेन (पाण्यातलं मीठ अडवणारा पातळ पडदा) पडते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तोच फोन. मेम्ब्रेन ज्या कारणाने गेली ते कारण जागेवरच असतं, म्हणून नवी पण त्याच वाटेने जाते.

खालचं सगळं २५० ते १००० लिटर प्रतितासाच्या प्लांटसाठी आहे. त्यात चार इंची, चाळीस इंच लांबीची मेम्ब्रेन असते, बाजारात तिला ४०४० म्हणतात. तपासण्या फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

आधी लक्षण ओळखा

"पाणी कमी येते" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात.

डिस्चार्ज (तासाला मिळणारं गोडं पाणी) हळूहळू उतरतोय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रतिलिटर) साधारण पूर्वीएवढाच आहे, पण मेम्ब्रेनच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक वाढलाय: गाळ किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर. हा पहिल्या मेम्ब्रेनच्या तोंडाशी बसतो.

डिस्चार्ज उतरतोय आणि टीडीएस वर चाललाय: क्षार बसलाय. हा शेवटच्या मेम्ब्रेनपासून सुरू होतो, कारण तिथे पाणी सगळ्यात खारं असतं.

डिस्चार्ज वाढलाय आणि टीडीएसही वाढलाय: यात ऑपरेटर खूश असतो, पण हे सगळ्यात वाईट लक्षण आहे. क्लोरीनने मेम्ब्रेन जळली असेल, ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) कापली असेल, नाहीतर कच्चं पाणी कुठून तरी मिसळतंय.

काल ठीक होतं, आज एकदम अर्धं: मेम्ब्रेन एका रात्रीत अशी जात नाही. पंप, वीज किंवा व्हॉल्व्ह पाहा.

तपासणी १: आकडे खरे आहेत का? (फुकट)

टीडीएस मीटरचे सेल उतरले की तो काहीही दाखवतो. गेजचा काटा अडकलेला असतो, प्लांट बंद केला तरी तो ४ किलोवरच (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) उभा. म्हणून आधी प्लांट बंद करून सगळे गेज शून्यावर येतात का ते बघा. दुसऱ्या गावातून मीटर मागवून तेच पाणी दोन्ही मीटरने मोजा.

मग एक हिशेब करा. मेम्ब्रेनमध्ये जेवढं मीठ जातं तेवढंच बाहेर आलं पाहिजे. समजा फीड (आत जाणारं कच्चं पाणी) तासाला १००० लिटर, टीडीएस २२००. गोडं पाणी ५०० लिटर, टीडीएस ६०. उरलेलं सगळं मीठ ५०० लिटर रिजेक्टमध्ये (बाहेर टाकल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्यात) आहे, म्हणजे रिजेक्टचा टीडीएस ४३४० च्या आसपास यायला हवा. मीटर ३००० दाखवत असेल तर मीटर किंवा रोटामीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणारी नळी) यांपैकी एक खोटं बोलतोय. खोट्या आकड्यावर केलेली पुढची प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे होते, म्हणून ही पाच मिनिटं आधी घालवा.

याच वेळी टाकीतल्या पाण्याचं तापमानही मोजा. साधा थर्मामीटर चालतो. का, ते पुढे.

तपासणी २: वीज आणि पंप (फुकट)

थ्री फेज पंप असेल आणि आदल्या दिवशी गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळून दुरुस्त झाली असेल, तर हे पहिलं बघा. दोन फेजची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. आवाज तोच, पाणीही थोडं येतं, पण प्रेशर चढत नाही. मोटारीच्या मागच्या पंख्याची दिशा बघा आणि पंपावरच्या बाणाशी ताडा. फेज बदलायचं काम वायरमनचं, तुमचं नाही.

व्होल्टेज कमी असेल तर मोटार तापते, प्रेशर डळमळतो. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असताना आणि पहाटे अशा दोन्ही वेळी प्रेशर लिहून ठेवा. पहाटे ठीक आणि संध्याकाळी कमी असेल तर मेम्ब्रेनला हातही लावू नका.

पंपाच्या सक्शन लाइनमध्ये हवा शिरत असेल तर गेजचा काटा थरथरतो. जॉइंट आवळा.

तपासणी ३: पाणी थंड झालंय का, बोअर खारट झालीय का? (फुकट)

डिसेंबर-जानेवारीतल्या बऱ्याचशा तक्रारी इथेच संपतात. मेम्ब्रेनमधून पाणी जाण्याचं गणित साधं आहे: मेम्ब्रेनवरच्या दाबातून पाण्यातल्या मिठाचा उलटा दाब वजा करायचा. जो उरतो तो पाणी ढकलतो. त्यात तापमानाचाही वाटा असतो. पाणी एक अंश थंड झालं की डिस्चार्ज साधारण तीन टक्क्यांनी कमी होतो.

बोअरचं पाणी बारमाही कोमटच येतं. पण ते रात्रभर गच्चीवरच्या टाकीत उभं राहिलं तर जानेवारीत सकाळी १८ अंशांपर्यंत उतरतं. २८ अंशांना ५०० लिटर देणारा प्लांट १८ अंशांना ३६०-३७० लिटरच देईल. यात बिघाड काहीच नाही. टाकी रात्री भरून ठेवण्याऐवजी सकाळी बोअर चालू करून थेट ताजं पाणी घ्या, फरक लगेच दिसतो.

उन्हाळ्यात उलटं. भूजल पातळी खाली गेली की पूर्णा खोऱ्यातल्या बऱ्याच बोअरचा टीडीएस चढतो. हजार टीडीएसमागे मिठाचा उलटा दाब पाऊण किलोच्या आसपास धरा. अर्धं पाणी गोडं आणि अर्धं रिजेक्ट असेल तर मेम्ब्रेनवर सरासरी फीडच्या दीडपट खारं पाणी असतं. फीड २२०० असताना हा उलटा दाब साधारण अडीच किलो होतो. पंपाच्या १० किलोंतून तो गेला की कामाचे साडेसात उरतात. मे महिन्यात तीच बोअर ३५०० वर गेली तर उलटा दाब चार किलोच्या जवळ जातो, कामाचे सहाच उरतात. म्हणजे ५०० चे ४०० लिटर, आणि मेम्ब्रेन ठणठणीत. गरम पाण्यामुळे यातली थोडी तूट भरून निघते, पण गरम पाण्यात मीठही जास्त पार होतं, त्यामुळे टीडीएस वाढलेला दिसतो.

म्हणून टीडीएसचा नुसता आकडा न बघता टक्का काढा. २२०० चे ६० झाले म्हणजे ९७ टक्के मीठ अडलं. ३५०० चे ९५ झाले तरी ९७ टक्केच. मेम्ब्रेन तशीच आहे. २२०० चे २२० झाले तर ९० टक्के, आणि मग काळजी करा.

तापमान आणि फीडचा फरक धरूनही डिस्चार्ज १०-१५ टक्क्यांनी उतरला असेल तरच पुढे जा. काळी टाकी उन्हात असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारचं पाणी ४५ अंशांवर तर जात नाही ना, तेही बघा. नेहमीच्या मेम्ब्रेनची मर्यादा तेवढीच असते. टाकीवर हिरवी नेट टाका.

तपासणी ४: रिजेक्ट व्हॉल्व्ह कुणी आवळला? (फुकट, पण सगळ्यात महत्त्वाची)

माझ्या अनुभवात आमच्या भागातल्या सर्वांत जास्त मेम्ब्रेन याच व्हॉल्व्हने खाल्ल्या आहेत. घडतं असं: थंडीत डिस्चार्ज उतरतो, गावातून ओरड होते, ऑपरेटर रिजेक्ट व्हॉल्व्ह थोडा आवळतो. प्रेशर चढतो, पाणी वाढतं, सगळे खूश. पुन्हा थोडा आवळतो. शिवाय "अर्धं पाणी नालीत चाललं" हे कुणालाच बघवत नाही, आणि ते बरोबरही आहे.

पण अर्ध्याऐवजी पाऊण पाणी गोडं काढलं की रिजेक्टमधलं मीठ दुपटीऐवजी चौपट होतं. २२०० चं पाणी शेवटच्या मेम्ब्रेनवर ८८०० होतं. त्यातला कॅल्शियम पाण्यात राहू शकत नाही, तो तिथेच बसतो. पाणी तापवायच्या बंबात बसतो तोच पांढरा थर. एकदा तो जमू लागला की डिस्चार्ज आणखी उतरतो, व्हॉल्व्ह आणखी आवळला जातो आणि होळीपर्यंत मेम्ब्रेन दगड होते.

दोन्ही रोटामीटर बघा. कडक पाण्याच्या बोअरवर गोडं आणि रिजेक्ट निम्मं-निम्मं ठेवा. व्हॉल्व्हची योग्य जागा ठरली की त्यावर पेंटने खूण करा आणि हँडल काढून कुलपात ठेवा. आश्चर्य वाटेल, पण हँडल काढणं ही मी सुचवलेली सगळ्यात उपयोगी दुरुस्ती आहे.

रिजेक्ट पाणी धुण्याभांड्याला, संडासाला, बांधकामाच्या जागी धूळ मारायला वापरा. वावरात सोडू नका. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन आधीच चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली, आहे.

याच फेरीत बायपास व्हॉल्व्ह बघा. चव येण्यासाठी काही प्लांटमध्ये थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. कुणी तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की जार पटकन भरतात आणि टीडीएस चढतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराईडच्या पट्ट्यात प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय हा व्हॉल्व्ह बंदच ठेवा.

तपासणी ५: कार्ट्रिज आणि सॅण्ड फिल्टर (थोडा खर्च)

कार्ट्रिजच्या (बारीक गाळ अडवणाऱ्या गाळणीच्या) आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये एक किलोच्या आसपास फरक आला की ५ मायक्रॉनची कार्ट्रिज बदला. धुऊन पुन्हा लावू नका, धागे सैल होतात आणि गाळ पुढे जातो. काढलेली कार्ट्रिज उभी चिरून आतला रंग बघा. लालसर म्हणजे लोह, काळी भुकटी म्हणजे कार्बन फिल्टर (पाण्यातलं क्लोरीन शोषणारा) फुटून पुढे येतोय, बुळबुळीत आणि वास येणारी म्हणजे टाकीत जिवाणू वाढलेत. सॅण्ड फिल्टरला बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून धुणं) रोज द्या, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत.

तपासणी ६: ओटी टेस्ट (काही रुपये)

जलसुरक्षकाकडे (गावाच्या पाण्याची काळजी घेणाऱ्या माणसाकडे) ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली असते. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) पडलं की नळाचं पाणी पिवळं होतं का, हे तो त्याने बघतो. तीच बाटली आणा आणि कार्बन फिल्टरनंतरच्या, मेम्ब्रेनच्या आधीच्या पाण्यात थेंब टाका. जरासा पिवळेपणा आला तरी प्लांट थांबवा.

कारण असं. सुरुवातीच्या काळातल्या सेल्युलोज अॅसिटेटच्या मेम्ब्रेन थोडंफार क्लोरीन सोसायच्या. आजच्या पॉलिअमाइडच्या पातळ थराला ते सोसत नाही. क्लोरीन त्या थराचे रासायनिक बंध तोडतं. हे नुकसान धुऊन भरून येत नाही. त्यामुळेच डिस्चार्ज वाढतो आणि टीडीएसही वाढतो.

आमच्याकडे हे बहुधा पावसाळ्यात होतं. गढूळ पाणी आलं, कुठे जुलाबाची साथ आली की विहिरीत आणि टाकीत टीसीएलचा डोस वाढतो. तसं करणं बरोबरच आहे, जलसुरक्षकाशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा: "दादा, डोस वाढवायच्या दिवशी मला फोन करा." आरओला वेगळी बोअर असेल तर ती टाकीच्या लाइनला जोडलेलीच नको. आणि कार्बन वर्षभर तसाच असेल तर ओटी करून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकू नका.

तपासणी ७: डोसिंग पंप टकटक करतोय, पण औषध जातंय का?

अँटीस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा) पंप टकटक करत असतो म्हणून सगळे निश्चिंत. पण नळीत हवा अडकली असेल तर टकटक होत राहते आणि थेंबही जात नाही. सकाळी डब्याच्या पातळीला पेनने खूण करा, संध्याकाळी बघा.

हिशेब असा. फीड तासाला १००० लिटर आणि डोस ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर असेल तर तासाला ४ ग्रॅम, आठ तासांत ३२ ग्रॅम मूळ औषध गेलं पाहिजे. डब्यात ते जितकं पातळ केलं असेल त्या मानाने पातळी उतरेल. पातळी जिथल्या तिथे असेल तर मेम्ब्रेनवर क्षार का बसतोय ते सापडलं. औषध पातळ करताना आरओचंच पाणी घ्या, कडक पाण्यात ते तिथेच वाया जातं. डोस वाढवला की जास्त फायदा, असंही नाही. जास्त झालेलं औषध स्वतःच मेम्ब्रेनवर चिकटू शकतं.

तपासणी ८: हाउसिंग एकेक करून मोजा

टीडीएस वाढलाय आणि हाउसिंग (मेम्ब्रेन बसवलेले पाइप) दोन किंवा चार असतील, तर प्रत्येकाच्या गोड्या पाण्याच्या नळीतून ग्लास भरून वेगवेगळा मोजा. सगळ्यांचा सारखाच वाढला असेल तर क्लोरीन. एकाचाच तिप्पट असेल तर त्याची ओ-रिंग. शेवटच्याचा जास्त असणं थोडं स्वाभाविक आहे, तिथे पाणी खारं असतं. नवी मेम्ब्रेन टाकल्यावर लगेच टीडीएस बिघडला तर ओ-रिंगच, दुसरं काही शोधू नका. रिंग बसवताना ग्लिसरीन लावा. ग्रीस, व्हॅसलिन, खोबरेल तेल काहीही नको, रबर फुगतं. मेम्ब्रेनच्या टोकावरच्या मोठ्या रबरी सीलचं तोंड पाणी येण्याच्या बाजूला असलं पाहिजे. उलटी बसवली तर पाणी मेम्ब्रेनच्या बाहेरून निसटतं.

तपासणी ९: केमिकल वॉश

इथून पुढे खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. प्लांटला वॉशिंगची टाकी आणि पंप असेल आणि कुणी एकदा करून दाखवलं असेल तरच हात घाला.

आधी काय बसलंय ते ओळखा. प्रेशर पूर्ण शून्य करून शेवटच्या हाउसिंगचं झाकण उघडा. मेम्ब्रेनच्या टोकाला पांढरी खरखरीत पापडी दिसली तर थोडी खरवडून बशीत घ्या आणि सायट्रिक अॅसिडच्या दाट द्रावणाचा थेंब टाका. फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, धुऊन निघेल. काहीच झालं नाही तर सल्फेट किंवा सिलिका. ते घरगुती उपायाने निघत नाही, झाकण लावा आणि पुढचा भाग वाचा.

कार्बोनेटसाठी २ टक्के सायट्रिक अॅसिड, म्हणजे १०० लिटर आरओच्या पाण्यात २ किलो. कमी प्रेशरने फिरवायचं, मध्ये बंद करून भिजू द्यायचं, पुन्हा फिरवायचं. पहिल्या तोंडाशी बुळबुळीत थर आणि कुजका वास असेल तर अॅसिडचा उपयोग नाही, त्याला कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण लागतं आणि पीएच मोजल्याशिवाय ते करायचं नाही. दोन्ही असतील तर आधी कॉस्टिक, मग पाण्याने पूर्ण धुऊन अॅसिड.

आणि हे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा: अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एका बादलीत कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि प्लांटच्या खोलीला खिडकी बहुधा नसतेच. वॉशचं पाणी गोड्या पाण्याच्या टाकीत जाणार नाही अशी लाइन आधी सोडवा. टीडीएस आणि पीएच पूर्ववत येईपर्यंत पाणी फेकून द्या.

वॉशनंतर डिस्चार्ज बराचसा परत आला तर ४ आणि ७ या तपासण्या पुन्हा करा, कारण तिथली चूक तशीच असेल तर हा वॉश दर महिन्याला करावा लागेल. लग्नसराईत किंवा निवडणुकीत प्लांट आठ-दहा दिवस बंद राहणार असेल तर तो तसाच सोडू नका. रोज थोडा वेळ चालवा, नाहीतर आत जिवाणू वाढतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पॅनलमध्ये जळका वास, ट्रिप होणारा स्टार्टर, पंपाला हात लावल्यावर झिणझिण्या: मेन बंद करा, वायरमन बोलवा.

हाउसिंगवर प्रेशर असताना झाकणाची क्लिप निघत नाही म्हणून हातोडी मारू नका. झाकण गोळीसारखं सुटतं.

पापडी अॅसिडने फसफसली नाही. त्यासाठी कुणी फ्लोराईड असलेलं केमिकल सुचवलं तर ते गावात आणूच नका.

सगळ्या हाउसिंगचा टीडीएस एकसारखा चढलाय आणि ओटीत पिवळं आलंय. मेम्ब्रेन बदलावीच लागेल, पण कार्बन बदलल्याशिवाय नवी टाकू देऊ नका.

बोअरच्या पाण्याला एकाएकी वास किंवा रंग आला, किंवा तुमचा भाग फ्लोराईड अथवा नायट्रेटचा आहे. टीडीएस मीटर या दोन्हींबद्दल काही सांगत नाही. टीडीएस कमी असलेल्या पाण्यातही नायट्रेट जास्त असू शकतं, आरओ ते इतर क्षारांइतकं नीट अडवत नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईडची कमाल मर्यादा १.५ आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत जार विकणं थांबवा.

मेकॅनिकला फोन करताना "पाणी कमी येते" एवढंच सांगू नका. फीडचा आणि गोड्या पाण्याचा टीडीएस, दोन्ही रोटामीटर, मेम्ब्रेनच्या आधीचा-नंतरचा प्रेशर आणि पाण्याचं तापमान फोनवर वाचून दाखवा. प्लांट नवा होता त्या दिवशीचे हेच आकडे असतील तर तेही द्या. जुनी कार्ट्रिज आणि काढलेली मेम्ब्रेन मेकॅनिक येईपर्यंत धुऊ नका, फेकूही नका.